रोजमेळातले रोप

नाशिकचा हिवाळा द्राक्षांचा आणि फुलांचा असतो. मार्गशीर्ष लागला की निफाडकडील गारठ्याच्या बातम्या येऊ लागतात. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातील पारा कधी कधी पाच अंशांच्याही खाली उतरतो आणि द्राक्ष बागायतदार मध्यरात्री उठून बागेत शेकोट्या पेटवतात, पहाटे वेलींना पाणी सोडतात. शहरात मात्र याच गारठ्याची वाट पाहणारी घरे आहेत. मुघलांच्या काळात या गावाला ‘गुलशनाबाद’ म्हणत. ते नाव कागदोपत्री मागे पडले, तरी गंगापूर रोडकडील रोपवाटिकांत दिवाळीनंतर जी गर्दी उसळते, तिच्यावरून गावाचा स्वभाव बदललेला नाही हे ध्यानी येते. शेवंती, पिटुनिया, पॅन्सी, डेलिया यांच्या कुंड्या रिक्षांतून घरोघरी जातात. या सरावाच्या फुलांत एक अपरिचित पाहुणा क्वचित दिसतो. त्याचे नाव फॉक्सग्लव्ह.

फॉक्सग्लव्ह मूळचे युरोपातील थंड प्रदेशांचे. शास्त्रीय नाव डिजिटालिस. त्याची लांबट, घंटेसारखी फुले बोटात टोपणासारखी चढवता येतात, म्हणून लॅटिनमधील ‘बोट’ या शब्दावरून १५४२ साली लिओनहार्ट फुक्स या जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञाने हे नाव दिले. आपल्याकडील वैद्यकग्रंथकारांनी त्याला दोन सुंदर नावे दिली आहेत. तिळाच्या फुलाशी साम्य असल्याने ‘तिलपुष्पी’, आणि पानाचा परिणाम हृदयावर होतो म्हणून ‘हृत्पत्री’. भारतात काश्मीर आणि दार्जिलिंगच्या थंड उतारांवर औषधासाठी त्याची लागवड झाली. नाशिकसारख्या मैदानी गावात ते फक्त हिवाळ्यापुरते नांदते आणि चैत्राच्या उन्हात निरोप घेते.

नाशिकच्या एका व्यापारी कुटुंबात हे रोप आले ते शोभेसाठी नव्हे. भांडी बाजारात या घराचे जुने दुकान. तांब्या-पितळेपासून स्टीलपर्यंतचा सारा प्रवास त्या दुकानाने पाहिला आहे. घरातील ज्येष्ठ, ज्यांना सारे बाबूजी म्हणतात, चौऱ्याहत्तर वर्षांचे. हृदयाचे ठोके अनियमित आणि जलद पडतात, म्हणून डॉक्टरांनी त्यांना डिगॉक्सिनची गोळी दिलेली. आठवड्यातून पाच दिवस एक गोळी, शनिवार-रविवार सुट्टी. “माझ्यापेक्षा गोळीचे नशीब चांगले, तिला दोन दिवस दुकान बंद,” असे बाबूजी हसून म्हणत. ही गोळी ज्या वनस्पतीपासून येते तिला फुले येतात हे नातीच्या शाळेच्या प्रकल्पामुळे घरात कळले, आणि बाबूजींच्या मनाने घेतले की ज्याच्या आधाराने आपण चालतो-फिरतो, त्याचे फूल एकदा डोळ्यांनी पाहावे.

खरे तर गोळीतील डिगॉक्सिन ज्या जातीपासून काढतात, ती लोकरी फॉक्सग्लव्ह निराळी. १९३० साली सिडनी स्मिथ या रसायनशास्त्रज्ञाने तिच्यापासून हे द्रव्य वेगळे केले. बागेत लावतात ती जांभळी जात तिची चुलत बहीण. परंतु चुलत घराण्यालाही मान द्यायचा असतो, असे म्हणून बाबूजींनी मुलाकरवी बियांचे पाकीट मागवले. ‘फॉक्सी’ नावाचा तो वाण १९६७ साली अमेरिकेत पारितोषिकप्राप्त ठरलेला. रानातील फॉक्सग्लव्ह दोन वर्षांचे असते. पहिल्या वर्षी जमिनीलगत पानांचा केवळ गुच्छ, एक हिवाळा त्याच अवस्थेत, आणि दुसऱ्या वर्षी फुलांचा दांडा. नाशिकच्या उन्हाळ्यात दुसरे वर्ष उजाडतच नाही. ‘फॉक्सी’ मात्र पेरल्यापासून सुमारे पाच महिन्यांत फुलते, म्हणून एका हिवाळ्याच्या मुदतीत तिचा व्यवहार पुरा होऊ शकतो.

पर्युषण आटोपले आणि सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात पेरणी झाली. बी धुळीसारखे बारीक, एका ग्रॅममध्ये हजारो दाणे. ते मातीत पुरायचे नसते, कारण उगवण्यासाठी त्याला प्रकाश लागतो. चाळलेल्या मातीवर बी अलगद भुरभुरून वरून हलकेच दाबले आणि ट्रे पाण्याच्या ताटलीत ठेवला, म्हणजे पाणी खालून शोषले जाते आणि बी वाहून जात नाही. पंधरा-वीस दिवसांत हिरवी लव दिसू लागली. रोपांना पाच-सहा पाने आली तेव्हा दिवाळी तोंडावर होती. वहीपूजनासाठी नव्या वह्या घरात आल्या, त्याच आठवड्यात बारा रोपे बारा कुंड्यांत गेली.

कुंडी भरताना धाकट्या सूनबाईंनी एक काळजी घेतली. नाशिकची काळी माती सकस खरी, पण पाणी धरून ठेवणारी. उन्हाळ्यात तो गुण असतो, थंडीत तोच दोष होतो. म्हणून त्यांनी काळी माती वगळून लाल माती, वाळू आणि चांगले कुजलेले शेणखत यांचे मिश्रण केले, तळाशी खापऱ्या ठेवल्या. रोपाचा गाभा, म्हणजे जिथून सारी पाने फुटतात तो मध्य, मातीच्या पातळीलाच राहील असे पाहिले. तो मातीखाली गेला तर हिवाळ्यात सडतो. घराच्या पूर्वेकडील ओट्यावर सकाळचे चार-पाच तास ऊन मिळते, तिथे कुंड्या मांडल्या गेल्या.

आणि मग सारे घर या रोपांच्या प्रेमात पडले. बाबूजी पहाटे सामायिक आटोपून ओट्यावर येत, थंडीने खाली झुकलेली पाने पाहून त्यांचा जीव कळवळे आणि ते तांब्याभर पाणी घालत. नऊच्या सुमारास सूनबाई झारी घेऊन येत. बागकामाला येणारा माणूस बारा वाजता आपले काम म्हणून पाणी देई. संध्याकाळी शाळेतून आलेली नात आपल्या प्रकल्पाला पाणी घातल्याशिवाय खेळायला जात नसे. प्रत्येकाचे पाणी थोडेच असे, आणि प्रत्येकाला वाटे की आपण घातले नाही तर कोणीच घालणार नाही.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात एका कुंडीतील पाने पिवळी पडून माना टाकू लागली. पाणी कमी पडले असेल म्हणून त्या कुंडीला आणखी पाणी मिळाले. चार दिवसांत चार रोपे गेली. रोपवाटिकेतील माळीदादांना बोलावले, त्यांनी एक रोप उपटून बाबूजींच्या हाती दिले. मुळे तपकिरी, बुळबुळीत, कुजकट वासाची. माळीदादा म्हणाले, “बाबूजी, थंडीनं नाही मेलं हे. हे थंडीचंच झाड आहे. लाडानं मेलं.”

हे रोप थंडी सोसते. पहाटे त्याची पाने लोळतात, ती तहानेने नव्हे. ऊन चढले की ती आपोआप उभी राहतात. गारठ्यात वाढ मंदावलेली असते, मुळे पाणी फारसे ओढत नाहीत, मातीतील ओल उडत नाही. आदल्या दिवशीचे पाणी तसेच शिल्लक असते. त्यावर आजचे, त्यावर उद्याचे, असे चढत जाते आणि मुळांना हवा मिळेनाशी होते. माळीदादांनी बोटाचे पहिले पेर मातीत खुपसून दाखवले. आत ओल लागली तर पाणी नाही. कोरडे लागले तर सकाळी, मुळापाशी, पानांच्या गुच्छात थेंबही न साचू देता. खतही जपून. फार खत दिले की पाने लुसलुशीत होतात, मावा पडतो आणि फुलांचा दांडा लांबतो.

मावा आणि गोगलगायी यांचा विचार या घरात वेगळ्या रीतीने व्हायचाच होता. औषध फवारायचे नाही हे कोणी ठरवले नाही, ते ठरलेलेच होते. कुंड्यांत हातभर अंतर ठेवले, खालची पिवळी पाने वेळेवर काढली, हवा खेळती राहिली. त्यामुळे मावा आलाच नाही. गोगलगायी ओल्या मातीत येतात. पाणी बेताचे झाल्यावर त्याही कमी झाल्या. ज्या उरल्या त्या नात रात्री बॅटरीच्या उजेडात पानावरून अलगद उचलून कुंपणापलीकडील गवतात सोडून येई.

पाण्याची व्यवस्था मात्र बाबूजींनी आपल्या पद्धतीने लावली. पन्नास वर्षे ज्यांनी रोज रात्री रोजमेळ लिहून, रोकड मोजून मगच दुकानाचे शटर ओढले, त्यांना दुसरी पद्धत सुचणार तरी कोणती? दिवाळीत आणलेल्या वह्यांपैकी एक कोरी वही ओट्यावरील खिळ्याला दोरीने टांगली गेली. तारीख, कुंडीचा क्रमांक, माती कोरडी की ओली, पाणी दिले की नाही, देणाऱ्याचे नाव. नियम एकच, आधी वही वाचायची, मग झारी उचलायची. दहा दिवसांत उरलेली आठ रोपे तरारली. नव्या वर्षाच्या सुरुवातीला मधल्या पानांचा रंग गडद झाला आणि घरात सर्वांना वाटले की आता घडी बसली.

घडी बसली होती ती रोपांची.

त्याच सुमारास लग्नसराई होती. सासूबाई माहेरच्या लग्नासाठी आठवडाभर गावाला गेल्या. बाबूजींची गोळी नेहमी त्याच देत, सकाळी नवकारसीनंतर दुधासोबत. जाताना त्यांनी ते काम सूनबाईंकडे सोपवले. सूनबाईंनी कपाटातील गोळ्यांच्या एक-दोन पट्ट्या स्वयंपाकघरातील डब्यात आणून ठेवल्या, आणि सकाळच्या धांदलीत विसर पडू नये म्हणून दुकानात जाणाऱ्या जेवणाच्या डब्यासोबत रोज एक गोळी पुडीत बांधून देऊ लागल्या. आठवड्याने सासूबाई परतल्या. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी सवयीने कपाटातून गोळी काढून दुधासोबत दिली. सूनबाईंनीही डब्यासोबत पुडी दिली. दोघींनी एकमेकींना काही सांगितले नाही, कारण सांगण्यासारखे काही आहे असे दोघींपैकी कोणालाच वाटले नाही. बाबूजींना दोन गोळ्या दिसत होत्या. डॉक्टरांनीच वाढवली असेल, असे त्यांनी गृहीत धरले. घरातल्या दोन्ही हातांवर त्यांचा सारखाच विश्वास होता.

ही गोळी २५० मायक्रोग्रॅमची, म्हणजे एका ग्रॅमचा चार हजारावा भाग. सराफाच्या तराजूतील जुनी गुंज साधारण सव्वादशांश ग्रॅमची धरली, तर एका गुंजेत असे सुमारे पाचशे दिवसांचे औषध मावेल. आणि हे औषध शरीरातून लगबगीने बाहेर पडत नाही. मूत्रपिंडे उत्तम असली तरी घेतलेल्या औषधापैकी निम्मे बाहेर पडण्यास दीड ते दोन दिवस लागतात. उतारवयात मूत्रपिंडे मंदावतात, तेव्हा त्याहून अधिक. म्हणजे कालची शिल्लक आजच्या पानावर ओढली जाते, आजची उद्याच्या. त्यातच लघवी वाढवणाऱ्या गोळ्यांमुळे रक्तातील पोटॅशियम कमी झाले असेल, तर तेवढ्याच औषधाचा जोर अधिक चढतो.

दुसऱ्या आठवड्यात बाबूजींची भूक गेली. मळमळू लागले. थंडीने पोट बिघडले असेल म्हणून ओवा-सुंठ झाली. मग थकवा आला. एके संध्याकाळी ते म्हणाले, “आज दिव्याभोवती पिवळं कडं दिसतंय.” नातीने ट्यूबलाइट पुसली. दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओट्यावर गेले नाहीत, वहीत त्यांची नोंद झाली नाही, आणि मुलाने त्यांचा हात धरून नाडी मोजली तेव्हा ती मिनिटाला चाळिशीत होती. तासाभरात ते शहरातील एका रुग्णालयात होते. हृदयाचा आलेख काढला गेला, रक्तातील औषधाचे प्रमाण आणि पोटॅशियम तपासण्यास पाठवले गेले, गोळी तात्काळ बंद झाली आणि त्यांना देखरेखीखाली ठेवले.

डॉक्टरांनी विचारले, “गोळी वेळेवर, सांगितली तेवढीच चालू होती ना?” सासूबाई म्हणाल्या, “हो.” सूनबाईही म्हणाल्या, “हो.” दोघी खरेच बोलत होत्या. डॉक्टरांनी घरातील सर्व गोळ्या घेऊन यायला सांगितले.

मुलगा घरी आला, कपाटातील आणि स्वयंपाकघरातील पट्ट्या एकत्र केल्या आणि व्यापाऱ्याच्या सवयीने आधी माल मोजला. औषधाचे बिल तीन आठवड्यांपूर्वीचे, गोळ्या चाळीस. आठवड्याला पाच, तीन आठवड्यांच्या पंधरा. शिल्लक पंचवीस हवी. पट्ट्यांत पंधरा होत्या. दहा गोळ्यांचा फरक. आई परत येऊन बरोबर दोन आठवडे झाले होते, आणि दोन आठवड्यांच्या पाचप्रमाणे दहाच होतात. दुकानात दहा रुपयांचा फरक आला तर रात्री बारापर्यंत तो शोधणारे हे घर. ओट्यावर आठ कुंड्यांच्या पाण्याचा रोजमेळ एका दिवसाचीही खाडाखोड न करता लिहिलेला. तो हातात घेऊन मुलगा बराच वेळ उभा राहिला आणि मग एवढेच म्हणाला, “पाण्याची नोंद आहे. गोळीची नाही.”

या वनस्पतीचा इतिहास पाहिला तर नोंदीवाचून तिचे औषध झालेच नसते, असे दिसते. इंग्लंडच्या श्रॉपशायर परगण्यात एका वृद्धेच्या घराण्यात अंगावरील सुजेसाठी एक गुप्त काढा चालत आला होता. १७७५ साली विल्यम विदरिंग या वैद्याचे मत त्याविषयी विचारले गेले. वीस-एक वनस्पतींच्या त्या मिश्रणातून गुण देणारी वनस्पती फॉक्सग्लव्हच आहे हे त्याने ओळखले. परंतु ओळखणे हा कामाचा लहान भाग होता. पुढील दहा वर्षे तो रुग्णामागून रुग्ण तपासत राहिला. पान केव्हा तोडले, कसे वाळवले, किती दिले, नाडी किती झाली, हे सारे टिपत गेला. आरंभी दिलेल्या मात्रा फार मोठ्या होत्या, असे त्याच्याच नोंदींवरून त्याला उमगले. मळमळ, मंद नाडी, वस्तू पिवळसर-हिरवट दिसणे ही लक्षणे त्याने नोंदवली, आणि परिणाम दिसू लागताच औषध थांबवावे हा नियम घालून दिला. १७८५ साली बर्मिंगहॅम येथे त्याचा ग्रंथ निघाला, त्यात दीडशेहून अधिक रुग्णांच्या हकिकती आहेत, यशस्वी आणि अयशस्वीही. वृद्धेच्या काढ्याने कोणी बरे होई, कोणी दगावे, आणि कारण कोणालाच सांगता येत नसे. विदरिंगच्या वहीने ते कारण सांगितले. बाबूजींना दिव्याभोवती दिसलेले पिवळे कडे त्या ग्रंथात सव्वादोनशेहून अधिक वर्षांपूर्वी लिहून ठेवलेले होते.

बाबूजी चार दिवसांनी घरी आले. नाडी सुधारली होती. पंधरा दिवसांनंतर पुन्हा तपासण्या करून डॉक्टरांनी गोळी निम्म्या ताकदीची, १२५ मायक्रोग्रॅमची, सुरू केली. घरात मात्र वातावरण गढूळ होते. सूनबाई तीन दिवस कोणाशी नीट बोलल्या नव्हत्या. सासूबाई देवघरातून उठत नव्हत्या. नातेवाइकांचे फोन येत होते, आणि फोनवर कोणी ना कोणी विचारीच, “चूक नेमकी कोणाची?” बाबूजींनी पहिल्याच संध्याकाळी दोघींना समोर बसवले. म्हणाले, “दुकानात दोघांनी एकाच गिऱ्हाइकाला माल दिला, तर मी दोघांवर रागावत नाही. वही कुठे होती ते विचारतो. वही ठेवायचं काम माझं होतं. आणा एक वही.”

ती वही आता देवघराशेजारील फळीवर असते. रकाने ओट्यावरील वहीसारखेच. तारीख, गोळीचे नाव, ताकद, वेळ, देणाऱ्याची सही. सर्व पट्ट्या एकाच डब्यात. दर रविवारी मुलगा शिल्लक मोजून वहीशी ताळा जमवतो. गोळी देणारी व्यक्ती गावाला जाणार असेल तर वहीत ‘सुपूर्द’ असे लिहून दोघांच्या सह्या होतात, परत आल्यावर पुन्हा तसेच. डॉक्टरांकडे जाताना वही सोबत जाते. मळमळ, भूक मंदावणे, दिसण्यात फरक अशी लक्षणे शेवटच्या पानावर मोठ्या अक्षरांत लिहिली आहेत, म्हणजे पुढच्या वेळी ओवा-सुंठीआधी डॉक्टरांना फोन होईल. वहीने दोघींमधला अबोलाही हळूहळू सुटला. एकीची सही पाहून दुसरी निश्चिंत होऊ लागली.

जानेवारीच्या अखेरीस आठपैकी सहा कुंड्यांत मधोमध दांडे वर आले. त्यांना बांबूच्या काड्यांचा आधार दिला गेला. फेब्रुवारीत ऊन तापू लागले तसे कुंड्या दुपारच्या सावलीत सरकल्या, आणि वहीत ‘माती कोरडी’ ही नोंद अधिक वेळा येऊ लागली, तेव्हा पाणीही वाढले. महापालिकेच्या पुष्पोत्सवाचे फलक शहरात लागले असताना पहिली घंटा उमलली. दांड्यावर फुले खालून वर उमलत जातात. बाहेरून गुलाबी-जांभळी, आत पांढरट घशात गडद ठिपके. ते ठिपके मधमाशीला आत येण्याची वाट दाखवतात. बाबूजी खुर्ची टाकून तासभर समोर बसले. मधमाशी फुलात शिरते, दिसेनाशी होते, उलट्या पावली बाहेर येते आणि वरच्या फुलात जाते, हे ते पाहत होते. जांभळा रंग त्यांना जांभळाच दिसत होता.

शेजारीपाजारी पाहायला आले. एका परिचितांनी विचारले, “हृदयाचं औषध ना हे? मग दोन पानांचा काढा रोज घेतला तर?” सूनबाईंनी तेथल्या तेथे हात जोडले. या रोपाचे पान, फूल, बी, देठ सारे विषारी असते. गोळीत औषध तोलून मापून घातलेले असते. पानात ते किती आहे हे ऋतू, वय आणि जातीप्रमाणे बदलते, आणि डोळ्यांना ते दिसत नाही. फुले येण्याआधी त्याचा पानांचा गुच्छ इतर औषधी पाल्यासारखा दिसतो आणि त्या घोटाळ्यात जगात लोकांचे जीव गेले आहेत. म्हणून त्या घरी प्रत्येक कुंडीवर ‘विषारी, तोडू नये’ अशी पाटी आहे. पाने काढताना हातमोजे, नंतर साबणाने हात धुणे. काढलेली पाने भाजीच्या सालींबरोबर गायीच्या टोपलीत कधीच जात नाहीत, ती वेगळ्या खड्ड्यात पुरली जातात. फुले फुलदाणीत ठेवली तर ते पाणी लहान मुलाच्या वा मुक्या जनावराच्या तोंडी लागणार नाही अशा जागी ओतले जाते. ज्यांच्या घरात रांगते मूल आहे त्यांनी हे रोप लावूच नये, शेवंती पुरेशी सुंदर आहे, असे सासूबाई येणाऱ्याजाणाऱ्यांना सांगतात.

आपल्या घरांत काळजी घेणाऱ्यांची वाण नसते. आजारी माणसाभोवती चार हात असतात, आणि चारही हात काही ना काही देण्यासाठी पुढे आलेले असतात. साखरेची गोळी, रक्त पातळ करणारी गोळी, रक्तदाबाची गोळी, सर्वांचे हेच आहे. आधी किती शिल्लक आहे हे पाहिल्यावाचून वर घातलेले औषध आणि पाणी सारखेच. व्यापारी घराला हे शिकवावे लागू नये. मागील बाकी पाहिल्याशिवाय नवीन पान लिहायचे नाही, हा त्याच्या पेढीवरचा पहिला धडा असतो. तो पेढीवरून उचलून घरात आणायचा तेवढा राहिलेला असतो, आणि त्यासाठी एका कोऱ्या वहीपेक्षा अधिक खर्च नाही.

मार्च संपताना दुकानात वर्षाचे हिशेब बंद होत होते. ओट्यावर सहा दांडे वाळले. त्यातील एकाच दांड्याचे बी बाबूजींनी धरले. बोंडे तपकिरी होऊन फुटू लागताच कागदावर झटकून, सावलीत वाळवून पुडी बांधली, पुडीवर साल, वाण आणि ‘विषारी’ हा शब्द लिहिला आणि ती कुलपात ठेवली. दोन कुंड्यांत दांडा आलाच नाही. त्यांतील रोपे आपल्या मूळ स्वभावाप्रमाणे पानांचा गुच्छ धरून दुसऱ्या हिवाळ्याची वाट पाहत बसली. नाशिकच्या एप्रिल-मे महिन्यांत ती तगणे कठीण आहे हे माळीदादांनी सांगितले आहे. तरी बाबूजींनी त्या दोन कुंड्या जिन्याखालच्या गार सावलीत हलवल्या, जुन्या वहीतील शिल्लक नव्या वहीच्या पहिल्या पानावर ओढली, आणि लिहिले: कुंडी क्रमांक चार व नऊ, माती ओली, पाणी नाही.